भगरीच्या पिठाची दवंडी

आमचा धंदा आवाजाचा. शहाद्यात अब्बांनी सायकलला भोंगा बांधून दवंडी द्यायला सुरुवात केली, माझ्या हाती आला तेव्हा सायकलच्या जागी ॲपे रिक्षा आली होती. लग्नाचं साउंड, उरुसाचं साउंड, गणपतीचं साउंड हे सगळं आहेच, पण घर चालतं ते रोजच्या सूचनांवर. नळाला पाणी येणार नाही. घरपट्टी भरा. पोलिओचा डोस आहे. कुणाची म्हैस हरवली. सरकारी सूचना टाईप केलेल्या कागदावर येतात आणि त्या जशा आहेत तशा वाचायच्या असतात. मी एकदा आवाज भरून पेनड्राइव्ह लावून देतो, मग गल्लीबोळातून रिक्षा फिरवत राहायची. ऐकणारे ऐकतात, न ऐकणारे आपापलं काम करत राहतात. सरकारी मराठी आमच्याकडे शाळेत आणि कचेरीत बोलली जाते. ओट्यावर बसलेली माणसं अहिराणी बोलतात. आम्ही घरात आमची हिंदी बोलतो आणि बाजारात पाऊल टाकलं की आपोआप अहिराणीत शिरतो. या सगळ्याचा कधी विचार करावा लागला नव्हता.

त्या महाशिवरात्रीला सकाळपासून प्रकाशा गावच्या महादेवाला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. मला काम नव्हतं, म्हणून ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. तेवढ्यात आरोग्य खात्यातल्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. त्यांच्यासाठी मी लसीकरणाच्या सूचना दिल्या होत्या, त्यामुळे ओळख होती. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या दिवशी नेहमीसारखं ‘चाचा, वेळ आहे का’ असं विचारलं नाही. रिक्षा घेऊन लगेच या, एवढंच म्हणाल्या.

मी पोचलो तर दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं बसलेली. काही भिंतीला टेकून डोळे मिटून होती. एक बाई दोन्ही हातांनी पेला धरायचा प्रयत्न करत होती आणि पाणी लुगड्यावर सांडत होतं. एका म्हाताऱ्याला उलट्या आवरत नव्हत्या. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सकाळपासून शहाद्याजवळच्या गावांतून अशी माणसं येतायत. सगळ्यांना गरगरतंय, हात कापतायत. आणि सगळ्यांनी उपासाला भगरीच्या पिठाची भाकर खाल्लीय. पिठाचे नमुने तपासायला पाठवलेत, पण त्याचा निकाल लगेच येत नाही. अजून दुपार व्हायचीय. संध्याकाळी पूजा करून अख्खा तालुका पुन्हा फराळाला बसेल.

जिल्ह्याहून मजकूर आला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, उपवासाच्या पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या भगर व भगर पिठाच्या सेवनाने काही ठिकाणी विषबाधासदृश लक्षणे निदर्शनास आली आहेत, तरी नागरिकांनी भगर खरेदी करताना योग्य ती दक्षता घ्यावी, घाबरून जाऊ नये. अशा शेकडो सूचना मी वाचल्या होत्या. आवाज भरत बसायला वेळ नव्हता, म्हणून माईक हातात घेऊन निघालो. मॅडम पुढे माझ्याशेजारी बसल्या. पाठोपाठ दवाखान्याची गाडी येणार होती, पण ती पेशंट आणायला दुसरीकडे गेली.

पहिल्या गावात मी नेहमीसारखा हळू रिक्षा चालवत मजकूर वाचत गेलो. उसाचे ट्रॅक्टर जात होते, देवळात भजनाचा स्पीकर लागलेला होता. गावाला वळसा घालून परत चौकात आलो, तर रेशन दुकानासमोर बायका पिशव्या घेऊन उभ्या. एकीनं मला हात केला आणि विचारलं, की भगर कधी वाटणार आणि कार्ड लागेल का. मला आधी काही कळलंच नाही. मग लक्षात आलं. चालत्या भोंग्यातून त्यांच्या कानावर भगर, नागरिक, खरेदी, उपवास एवढेच शब्द पडले होते. सणाच्या दिवशी सरकारची गाडी भगरीचं नाव घेत फिरतेय, म्हणजे वाटपच असणार. त्यांचं काय चुकलं?

मॅडम खाली उतरल्या आणि त्या बायकांना समजावू लागल्या. पण त्या बोलत होत्या पुस्तकी मराठीत. बायका मान हलवून हो हो करत होत्या आणि पिशव्यांची घडी काही करत नव्हत्या. मॅडम परत येऊन रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, “चाचा, मी नवापूरच्या सरहद्दीवरची, चिंचपाड्याच्या बाजूची. आमच्या घरात आमची आदिवासी कोकणी बोलतात. लहानपणी आमच्याकडे साहेब लोक येऊन काहीतरी सांगून जायचे. विहिरीचं, गोळ्यांचं. माझी आई सगळ्याला हो म्हणायची. ते हो म्हणजे समजलं असं नाही. ते हो म्हणजे, आता जा.”

त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. मी इंजिन बंद करून बसलो होतो, त्यामुळे त्यांचा निम्मा संवाद ऐकू येत होता. मजकूर बदलायचाय, असं त्या सांगत होत्या. घरातलं पीठ खाऊ नका असं स्पष्ट म्हणायचंय. पलीकडून काय बोललं जात होतं ते त्यांच्या उत्तरांवरून कळत होतं. निकाल आल्याशिवाय खाऊ नका म्हणता येणार नाही. व्यापारी ओरडतील. घबराट पसरली तर जबाबदार कोण? मॅडमचा आवाज चढला नाही, पण मोकळ्या हातानं त्यांनी ओढणीचं टोक गच्च पिळलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, निकाल येईपर्यंत लोक जेवलेले असतील. मी माझ्या नावावर सांगते.” आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला विचारलं, की हे तुमच्या बोलीत कसं सांगाल. मी लगेच दोन-चार वाक्यं म्हणून दाखवली. भगर विषारी झाली, असं काहीसं मी म्हणालो होतो. त्यांनी मला थांबवलं. “विषारी म्हणू नका. आपल्याला ते माहीत नाही. जे माहीत आहे तेवढंच सांगायचं. आणि जे माहीत नाही, ते माहीत नाही असंही सांगायचं.” आम्ही रस्त्याकडेच्या निंबाखाली रिक्षा उभी करून वाक्यं जुळवली. त्या मराठीत सांगायच्या, मी अहिराणीत वळवायचो. मग मी त्याचा अर्थ त्यांना परत मराठीत सांगायचो, म्हणजे काही सुटलं तर नाही हे त्या बघायच्या. पीठ आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि निकाल कळला की परत येऊन सांगू, हेही त्यात घातलं. अखेर असं ठरलं:

“आज भगरनं पीठ खाऊ नका. घरमा शे ते बी खाऊ नका. फेकू नका, बाजूले ठेवा, आम्ही लई जासूत. पीठमा काय शे ते आम्हले आजून माहीत नही. समजनं का परत ई सांगसूत.”

गाडी चालवत बोलायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. चौकात थांबायचं, देवळाचा स्पीकर विनंती करून बंद करायला लावायचा, बोलायचं, आणि मग लोकांना काय विचारायचंय ते ऐकून घ्यायचं. त्याच गावात आम्ही परत सांगितलं. या वेळी बायकांनी पिशव्या काखेत मारल्या आणि घाईघाईनं घराकडे वळल्या.

कळसाडी फाट्यापुढे आम्ही अजून काही वस्त्या केल्या. मग जे गाव लागलं, तिथे गर्दी लवकर जमली. गावातला किराणा दुकानदार पुढे आला. चाळिशीचा माणूस, कपाळाला भस्म लावलेलं. तो ओरडला नाही, पण त्याचा चेहरा ताणलेला होता. त्यानं मॅडमना विचारलं, की कागद कुठे आहे. तपासणीचा निकाल कुठे आहे. मी मार्केटमधून गोणी आणतो, फोडतो, विकतो. तुम्ही गावासमोर हे बोललात, आता मी उद्या दुकान कसं उघडू?

मॅडम म्हणाल्या, “तुमचा माल खराब आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. म्हणूनच सगळ्यांचं पीठ थांबवायला सांगतेय, तुमचं एकट्याचं नाही.”

मागून पोरांमधून कुणीतरी दुकानाचं नाव सांगा, नाव सांगा असं म्हणू लागलं. दुकानदाराभोवतीचं कडं जवळ आलं. एकादोघांनी त्याच्या दुकानाच्या शटरवर हात मारला. पत्र्याचा तो आवाज मला अजून आठवतो. मॅडम पायरीवर चढून दुकानदाराच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी माईकवर सांगितलं, की खराब पीठ कुणाच्या दुकानातलं ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा गर्दीतला एक तरुण माझ्याकडे वळला. मला तो ओळखत असावा. म्हणाला, “तू ते उपास करस नही. तुले काय समजस भगरनं?”

माझ्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे त्याचा प्रश्न भोंग्यातून गावभर गेला. त्या क्षणी वाद कुठेही वळू शकला असता आणि तो कुठे वळेल हे मला चांगलं कळत होतं. रिक्षाची किल्ली मी नकळत मुठीत धरली.

ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मधेच विचारलं, “भाऊ, मी ते सकायले खाई लिधं. आते मी काय करू?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. हे आमच्या वाक्यांत नव्हतंच. जिल्ह्याच्या कागदातही नव्हतं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांना आम्ही सांगत होतो. ज्यांच्या पोटात गेलं होतं, त्यांच्यासाठी आमच्याकडे एक शब्दही नव्हता. मॅडम पायरी उतरून तिच्यापाशी गेल्या. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, हात पुढे करायला लावले. बोटं थरथरत होती. म्हातारी म्हणाली, सकाळपासून घर फिरतंय असं वाटतं, पण उपासानं होत असेल म्हणून कुणाला बोलले नाही.

मॅडमनी तिथेच मला नवीन वाक्य दिलं आणि मी ते सांगितलं. ज्यांनी खाल्लंय आणि ज्यांना गरगरतंय, उलटी होतेय, हात कापतायत, त्यांनी उपासाची चक्कर समजून झोपून राहू नका, दवाखान्यात या. गर्दीतून आणखी दोघं-तिघं पुढे आले. ज्या तरुणानं मला विचारलं होतं त्याची आई त्यांच्यात होती. तो तिला धरून रिक्षापर्यंत घेऊन आला. माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आणि म्हातारीला आधार देऊन मागच्या सीटवर बसवत असताना मला अम्मी आठवली.

आमच्या शेजारच्या वहिनी प्रत्येक उपासाला पहिलं ताट आमच्याकडे पाठवतात. अब्बा होते तेव्हापासूनची रीत. अम्मीला भगरीची भाकर आणि शेंगदाण्याची आमटी इतकी आवडते, की एकादशी कधी आहे हे ती वहिनींच्या आधी सांगते. सकाळपासून मी गावोगाव घरातलं पीठ खाऊ नका म्हणत फिरत होतो आणि माझं घर माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. उपास करणाऱ्यांची सूचना, म्हणजे आपली नव्हे, असंच मीसुद्धा धरलं होतं.

बायकोला फोन लावला. रिंग जाऊन बंद झाला. परत लावला. वहिनींना लावला, त्यांचा लागेना. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, की चला. रस्त्यानं उसाच्या गाड्या होत्या, पुढे प्रकाशाहून परतणारी गर्दी. मागे त्या तरुणाची आई ओकत होती आणि तो सावकाश चालवा म्हणत होता. मला सावकाश चालवता येत नव्हतं आणि वेगानं नेताही येत नव्हतं. मी भोंगा चालू करून रस्ता द्या, रस्ता द्या म्हणत राहिलो. मॅडम एका हातानं, आपल्या बॅगेतून काढून तिला लावलेली सलाईनची बाटली धरून दुसऱ्या हातानं माझ्या बायकोचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या.

पेशंटना दवाखान्यात उतरवून मी तसाच घरी गेलो. बायको दारातच होती, फोन आत चार्जिंगला. माझा चेहरा बघून ती घाबरली. अम्मी आतल्या खोलीत चटईवर पडली होती. उशाशी लिंबू-मिठाच्या पाण्याचा पेला. मी विचारलं तर म्हणाली, “कुछ नहीं बेटा, बीपी है. थोड़ा लेटी तो बैठ जाएगा.” तिच्या पापण्या जड होत्या आणि चादरीवर ठेवलेला हात चादरीसकट हलत होता. सकाळी ताट आलं, तिनं एकटीनंच खाल्लं. बायकोला भगर आवडत नाही. मी तिला उचललं. इतकी हलकी झालीय हे मला माहीत नव्हतं.

आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्यांचा निर्जळी उपास होता, संध्याकाळी पूजेनंतर सोडणार होत्या. त्यांच्या घरात भगर अजून कुणाच्या तोंडाला लागली नव्हती. भाकरी झाकून ठेवल्या होत्या. त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. म्हणाल्या, “मन्हा हातनी दिधं.” मी अम्मीला मागच्या सीटवर निजवलं. रिक्षा फिरवली आणि निघालो. मागच्या आरशात दिसलं, त्या अनवाणी रिक्षामागे चालत येत होत्या.

अम्मीला सलाईन लावलं. सत्तरीच्या पुढचं वय, त्यात खरंच बीपी. मॅडमनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, की बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण यांचं वय बघता उद्यापर्यंत मी काही बोलणार नाही. दिवसभर त्यांच्या तोंडून लोकांसाठी जे ऐकत होतो तेच होतं ते, फक्त आता ते माझ्यासाठी होतं. जिल्ह्याच्या मजकुरातलं घाबरून जाऊ नये हे वाक्य आठवलं. ते कुणी मला त्या वेळी म्हटलं असतं तर मी त्याच्यावर ओरडलो असतो.

मॅडमनी विचारलं, उरलेल्या गावांत दुसऱ्या कुणाला पाठवू का. सूर्य कलायला लागला होता. पूजेची वेळ जवळ येत होती. वहिनी तोवर चालत येऊन पोचल्या होत्या आणि अम्मीच्या पायाशी उभ्या होत्या. अम्मीनं डोळे किलकिले करून त्यांना बसायला खूण केली आणि मला म्हणाली, जा, ही आहे ना. मी गेलो. मॅडम दवाखान्यातून हलू शकत नव्हत्या, म्हणून मी एकटाच गेलो. पहिल्याच चौकात मी माईक हातात घेतला आणि आधी सांगितलं, की माझी आई हेच पीठ खाऊन दवाखान्यात आहे. त्यानंतर मला कुणी उपासाचं विचारलं नाही. बायका घरात जाऊन परातीतलं मळलेलं पीठसुद्धा घेऊन आल्या. काही देवळांत भोंग्याऐवजी पुजाऱ्यांनीच आरतीआधी सांगितलं. किती जणांनी ऐकलं आणि किती जणांनी नाही, हे मला कधीच कळणार नाही. संध्याकाळनंतर दवाखान्यात नवे पेशंट फारसे आले नाहीत, एवढं खरं.

अम्मी दुसऱ्या दिवशी उठून बसली. हात थरथरायचे थांबायला आणखी वेळ लागला. शेजारच्या खाटेवर ती ओट्यावरची म्हातारी होती. दोघी एकमेकींच्या भाषेतलं जेवढं येतं तेवढं बोलत. वहिनी घरी जायला तयार होईनात. अम्मीनं चहा मागितला आणि तो वहिनींच्याच हातून प्यायला, तेव्हा कुठे त्या रडल्या.

मॅडमना त्यांच्या फोनबद्दल जिल्ह्याला जाऊन खुलासा द्यावा लागला. पिठाचा निकाल आला तोवर उन्हाळा लागला होता, लोक ती शिवरात्र विसरत चालले होते. पिठात बुरशी होती. बाहेरून आलेल्या ओलसर मालाची, गावांतल्या दुकानदारांपर्यंत पोचण्याच्या आधीच धरलेली. स्वच्छ, कोरडी भगर घरी निवडून दळली तर खायला हरकत नाही. मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, आपण त्यांना परत येऊन सांगतो म्हणालो होतो.

आम्ही त्याच गावांतून पुन्हा फिरलो. उन्हामुळे ओटे ओस होते. काही चौकांत ऐकायला फक्त कुत्री होती, तरी थांबून सगळं सांगितलं. भस्म लावणाऱ्या त्या दुकानदाराच्या गावात पोचलो, तेव्हा तो गल्ल्यावर बसला होता. दुकान चालू होतं, पण भगरीचा डबा रिकामा पुसून उलटा ठेवलेला दिसला. मी देवळासमोर उभं राहून सांगितलं, की मालाला बुरशी इथे यायच्या आधीच धरली होती, गावातल्या दुकानदाराची त्यात चूक सापडली नाही.

तो उठून रस्त्यावर आला. मॅडमना नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आठे नही. तठे, वरला आळीमा जाई सांग. त्या दिवशी शटरले हात मारणारा तठला शेतंस.”

मी मॅडमकडे बघितलं. त्या आधीच रिक्षात बसल्या होत्या. आम्ही वरच्या आळीला गेलो.